उभे आहोत ते अंगण मोजायचं नाही

बाईंनी ‘पाणी’ दाबलं आणि काहीच झालं नाही.

मिरजेचा एक दवाखाना, जनरल वॉर्ड, खिडकीपासून दुसरी, भिंतीलगतची कॉट. कॉटवर आडवं सरकणारं जेवणाचं टेबल, त्यावर शाळेचा लॅपटॉप आणि लॅपटॉपवर मी बनवलेलं पान. मोठी निळी बटणं : पाणी, उशी, दुखतंय, अण्णांना बोलवा. बाईंच्या उजव्या हाताला सलाईन होतं म्हणून माऊस मी डावीकडे ठेवला होता. त्यांनी बाण नीट बटणावर नेला आणि दाबलं. बटणाचा रंग बदलला, पण आवाज नाही. पुन्हा दाबलं. मग ‘उशी’. मग ‘अण्णांना बोलवा’, आणि अण्णा तर त्यांच्या पायाशीच उभे होते.

सिस्टर म्हणाल्या, आवाज वाढव की. तो शंभरावरच होता.

मी तेव्हा नेहमी जे करायचे तेच केलं. मान खाली घातली आणि काहीतरी पुटपुटले, जे मलासुद्धा ऐकू आलं नाही.

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांच्या गळ्याला खाली भोक पाडून नळी बसवलेली, भोवती पांढरी पट्टी. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माऊस अलगद बाजूला सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. आता मी बारावीत आहे, स्नेहसंमेलनाचं निवेदन करते, आणि आमचे फिजिक्सचे सर विचारतात, पाष्टे, तुला बंद करायचं बटण कुठे आहे? तेव्हा मी नववीत होते आणि मला चालू करायचंच बटण नव्हतं.

गुहागर तालुक्यातल्या आमच्या शाळेत बेंडल बाई मराठी शिकवायच्या. त्यांना सगळं गाव नुसतं ‘बाई’ म्हणतं. त्यांचे यजमान, पोस्टमन म्हणून रिटायर झालेले अण्णा, तेसुद्धा बाईच म्हणतात. बाई नववी ब ला कविता शिकवायला लागल्या की शेजारची दहावी गणित सोडून ऐकत बसायची, असा तो आवाज. हजेरी त्या नुसत्या नंबरांनी घ्यायच्या नाहीत. पूर्ण नाव घ्यायच्या. आणि त्यांचा नियम असा, की ‘हजर’ ऐकू आलं नाही तर गैरहजर. माझा नंबर तेवीस. अख्खा जून मी दुसऱ्या बाकावर बसून गैरहजर होते. आईला शाळेत बोलावणं आलं, की तुमची मुलगी घरून निघते ती जाते कुठे?

त्याच वर्षी दिवाळीनंतर बाईंचा आवाज बसला तो उठेना. फेब्रुवारीच्या शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ स्वरयंत्रावर आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल. बाई नको म्हणाल्या. अण्णांनी विनवलं, मुख्याध्यापक घरी जाऊन आले, पुण्याहून त्यांची लेक येऊन रडून गेली. बाईंचं एकच, बोलायचं नसेल तर मी करू काय, भिंतीला टेकून बसू?

मी तेव्हा मधल्या सुट्टीत कॉम्प्युटरच्या खोलीत लपायचे, कारण तिथे कुणी बोलायला लावत नाही. तिथले सर आम्हाला पायथॉन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकवत होते आणि मला ते फार आवडायचं. आपण लिहायचं, कॉम्प्युटरने ऐकायचं, तोंड उघडायची गरज नाही. एक दिवस मी वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं, ‘बाई, तुम्ही आत्ताच सगळं बोलून ठेवा. मी बटणं करून देते. बटण दाबलं की तुमचाच आवाज येईल.’ घडी करून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि पळाले.

त्यांनी मला लायब्ररीत बोलावलं. चिठ्ठी समोर धरली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "हे तोंडाने सांग."

मला अख्खी मधली सुट्टी लागली. त्यांनी चिठ्ठी तशीच धरून ठेवली. शेवटी म्हणाल्या, "शब्द देतेस?"

"हो."

"ऐकू आलं नाही."

"हो, बाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑपरेशनला होकार कळवला. म्हणजे बघा, डॉक्टर, नवरा, लेक, मुख्याध्यापक, कुणाचं ऐकलं नाही. सही केली ती माझ्या त्या ‘हो’वर.

मग तीन आठवडे मधल्या सुट्टीत लायब्ररीचं दार लावून आम्ही बाईंच्या फोनवर रेकॉर्ड करत होतो. पाणी. उशी वर घ्या. अण्णा, गोळी घेतलीत का. भाताला मीठ नाही. यादीवरून आमची वादावादी व्हायची, म्हणजे वाद त्या घालायच्या आणि मी मान हलवायचे. त्यांना टोमण्यांचं एक वेगळं पान हवं होतं. मी लिहून विचारलं, दवाखान्यात टोमणे कशाला? त्या म्हणाल्या, तिथेच तर लागतात. शेवटच्या दिवशी मला दाराबाहेर उभं करून त्यांनी एकट्याने एक रेकॉर्ड केलं. ते चारशे बारावं. मला म्हणाल्या, यावर नाव नको, नुसता नंबर घाल, आणि ऐकायचं नाही. मी ऐकलं नाही, शप्पथ.

रोजचं रेकॉर्डिंग मी संध्याकाळी लॅबच्या कॉम्प्युटरवर उतरवायचे आणि फोन भरतो म्हणून फोनवरून पुसायचे. एका फोल्डरचं नाव ‘बाई’. त्यात दोन फोल्डर : ‘आवाज’ आणि ‘पानं’. ‘आवाज’मध्ये आठवड्यांप्रमाणे रेकॉर्डिंग, नुसते नंबर टाकलेली. ‘पानं’मध्ये मुख्य पान, आणि आत घर, दवाखाना, शाळा, टोमणे असे आणखी फोल्डर. बटणं हाताने कोण करत बसणार? मी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली. ती माझ्या यादीतून वाचायची, कोणत्या बटणाला कोणता नंबर, आणि पानं आपोआप तयार करायची, प्रत्येक बटणामागे रेकॉर्डिंगचा पत्ता घालून. सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, लॅबमध्ये लावून तीनदा तपासलं. तिन्ही वेळा बाई न अडखळता बोलल्या. मग परीक्षा झाल्या, सुट्टी लागली, आणि सरांनी सुट्टीवर जाण्याआधी लॅबचे सगळे कॉम्प्युटर पुसून नव्याने चालू केले. मला त्याची चिंता नव्हती. पेनड्राइव्ह माझ्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात होता.

ऑपरेशन सोमवारी झालं. बाबा एसटीत कंडक्टर, गुरुवारी त्यांना मिरजेच्या गाडीची ड्युटी होती. त्यांनी मला स्टँडवर अण्णांच्या ताब्यात दिलं आणि ते डेपोत झोपायला गेले. आणि सकाळी सव्वाअकराला बाईंनी ‘पाणी’ दाबलं.

अण्णा आणि मी लॅपटॉप घेऊन व्हरांड्यात आलो. तिथे एक लांब बाक होता. एका टोकाला कुणाचे तरी नातेवाईक, एक काका, डब्यातली भाकरी खात बसले होते. अण्णांनी हळू विचारलं, "आवाज गेला काय गो?"

मला तेच वाटत होतं. मी ‘आवाज’चं फोल्डर उघडलं. मधलंच एक रेकॉर्डिंग चालू केलं. बाई म्हणाल्या, उशी वर घ्या. ऑपरेशनआधीच्या आवाजात, घोगऱ्या, पण त्यांच्याच.

अण्णा बाकावर बसले. डोळे पुसले. मग इतकी वर्षं पत्रं वाटलेला माणूस जे म्हणेल तेच म्हणाले, "म्हणजे टपाल हाय. पत्ता चुकलाय."

पत्ता खरंच चुकला होता. पानाच्या पोटात बघितलं तर प्रत्येक बटणामागे लिहिलेलं होतं, D ड्राइव्हमध्ये जा, तिथे ‘बाई’, तिथे ‘आवाज’. D होता लॅबच्या कॉम्प्युटरला. तीनदा तपासलं तेव्हा पानं पेनड्राइव्हवरची होती आणि आवाज मात्र D मधून येत होता, मला काय माहीत. या लॅपटॉपला D नव्हताच. पेनड्राइव्हला तो E म्हणत होता.

मी स्क्रिप्टमध्ये D चा E केला. पुन्हा चालवली. पानं नव्याने तयार झाली. ‘पाणी’ दाबलं.

"पाणी," बाई म्हणाल्या, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा. बाकावरच्या काकांनी दचकून आपली बाटली पुढे केली.

अण्णा हसले, मी हसले, काकांना काही कळेना तरी तेही हसले. अण्णा लगबगीने आत गेले बाईंना सांगायला. जाताना म्हणाले, फोन मरायला टेकलाय, पुण्याहून लेकीचा येईल, त्या यंत्राला लावून ठेव. मी पेनड्राइव्ह मोडू नये म्हणून काढून खिशात ठेवला, अण्णांचा बटणांचा फोन वायरीने लॅपटॉपला लावला, आणि सगळं सांभाळत आत गेले.

बाई वळल्या होत्या. उशीला टेकून बसल्या होत्या. सिस्टरनी त्यांचे केस सारखे केले होते. शेजारच्या कॉटवरची, सगळा वॉर्ड जिला मामी म्हणायचा ती पेशंटसुद्धा उठून बघत होती. मी पेनड्राइव्ह लावला, पान उघडलं, माऊस त्यांच्या हाताखाली दिला.

बाईंनी ‘पाणी’ दाबलं. नाही. पुन्हा दाबलं. नाही.

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा माझ्याकडे. त्यांच्या फोनमध्ये मेमरी कार्ड होतं. मी पेनड्राइव्ह काढल्यावर त्या कार्डाने जागा धरली होती, E होऊन बसलं होतं. पेनड्राइव्ह आता F होता. हे मला मागून कळलं. त्या क्षणी एवढंच दिसत होतं की मी बाईंना पुन्हा माझ्याकडे वळवलं आणि दुसऱ्यांदा फसवलं.

बाईंनी लॅपटॉपचं झाकण स्वतः बंद केलं. हळू, वही मिटतात तसं. मग भिंत.

सिस्टर माझ्या मागोमाग बाहेर आल्या. म्हणाल्या, सकाळपासून त्या नाकातल्या नळीतून दूध-पाणी घालू देत नाहीत, हात धरतात. पाटी दिली तर पाटी ढकलली. चारला डॉक्टर येतील, मग जबरदस्तीने करायची वेळ येणार, आणि टाके ताजे आहेत. "तू आता आत येऊ नको बाळ," त्या म्हणाल्या, "तुला बघितलं की त्यांना जास्तच होतंय."

व्हरांड्यातल्या घड्याळात दीड वाजला होता.

मी बाकावर बसले आणि मला एवढंच हवं होतं की बाबांनी यावं आणि मला गाडीत बसवावं. अण्णांना तसं सांगितलं. कसं सांगितलं माहीत नाही, पण त्यांना समजलं. सरांना फोन लावून बघा म्हटलं, तो बंद. बाईंच्या फोनवर नेट होतं, पण तो फोन घरी. मी म्हटलं, F करते. आणि मग मलाच दिसलं, की पुढच्या वेळी तो G होईल. घरी नेला की आणखी काही. बाईंनी मध्यरात्री ‘दुखतंय’ दाबायचं आणि मी तिथे अक्षर बदलायला नसायचं.

"माझ्यामुळे त्यांनी सही केली," मी म्हटलं.

अण्णांनी लॅपटॉप उघडून माझ्यासमोर धरला. मग म्हणाले, पत्र परत आलं म्हणून कुणी फेकून देत नाय, परत वाटून बघतात. आणि विचारलं, "तू पत्ता कसा लिवतेस ता तरी सांग."

मी वाचून दाखवला. E, मग बाई, मग आवाज, मग दुसरा आठवडा, मग सत्त्याऐंशी.

"आणि ज्या पानावरसून विचारतेस, ता पान खय हाय?"

E, मग बाई, मग पानं, मग दवाखाना, मग ‘दुखतंय’ नावाचं पान.

अण्णांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. म्हणाले, "येका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायचा तर जिल्ह्यापासून कशाला येतेस गो? कोण येतो?"

मला कळलं नाही. त्यांनी बाईंच्या एक्सरेचं मोठं पाकीट घेतलं, माझं पेन घेतलं. म्हणाले, पत्ता लिहिणारा नावापासून लिहितो, पण पोस्टमन वाचतो खालून. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग वाडी, मग घर. त्यांनी दोन पत्ते शेजारीशेजारी तसे उलटे लिहिले. भुवडवाडीतलं एक घर आणि पाष्टेवाडीतलं माझं घर. दोन्हीकडे रत्नागिरी. खोडलं. दोन्हीकडे गुहागर. खोडलं. गावही तेच. खोडलं. पुढे वाड्या वेगळ्या झाल्या. "आता थांबायचा," ते म्हणाले. "सारखा होता ता संपला. वाटा इथं फुटतात." आमच्या गावात त्या देवीच्या सहाणेवर फुटतात. शिमग्यात पालखी टेकते ती मोकळी जागा; सगळ्या वाड्यांच्या पायवाटा तिथे वर येतात. भुवडवाडीतून माझ्या घरी यायचं तर सहाणेपर्यंत वर चढायचं आणि आमच्या वाडीत खाली उतरायचं. सहाणेच्या वर काय आहे, तालुका कोणता, जिल्हा कोणता, कुणी विचारत नाही. "उद्या जिल्हा बदलला," अण्णा म्हणाले, "तरी तुझ्या घराची वाट तीच ना?"

मी पाकिटाकडे बघत राहिले. जिल्हा म्हणजे D. जिल्हा म्हणजे E, F, काहीही.

सरांनी एकदा शिकवलं होतं, दोन टिंबं लिहिली की एक फोल्डर वर जातो. मला तेव्हा ती छपाईची चूक वाटली होती. आता मी पाकिटावर अण्णांच्या शेजारी लिहिलं : पान कुठे, आवाज कुठे. वरून जेवढं सारखं तेवढं खोड. पानाच्या बाजूला जेवढं उरलं तेवढ्या वेळा वर जा. मग आवाजाच्या बाजूला जे उरलं ते लिहून खाली उतर. प्रत्येक पान फोल्डरांत कमी-जास्त खोल होतं, म्हणून चढण प्रत्येकाची वेगळी. ते मोजायचं काम स्क्रिप्टचं.

(अकरावीत गेल्यावर मला कळलं की हे सगळं करणारी एक तयार ओळ पायथॉनमध्ये आधीपासून आहे. एक ओळ. मी लायब्ररीत डोकं टेबलावर टेकून हसले. पण मिरजेच्या त्या बाकावर ती ओळ मला सांगणारं कुणी नव्हतं. तिथे अण्णा होते.)

लिहायला तास गेला. मी सारखी चुकत होते, कंस राहत होते, डोळे भरून आले की अक्षरं दिसत नव्हती. काकांनी अर्धी भाकरी दिली, ती अण्णांनी आणि मी खाल्ली. तीनला दहा मिनिटं असताना स्क्रिप्ट न अडखळता चालली. चारशे बारा बटणं तयार. मी मुख्य पान उघडलं आणि ‘पाणी’ दाबलं.

काही नाही.

‘घर’मधलं दाबलं. ‘शाळा’मधलं दाबलं. नाही. मी लॅपटॉप अण्णांच्या मांडीवर ठेवला आणि उठून व्हरांड्याच्या टोकाला गेले. तिथे भिंत होती. मी कपाळ टेकवून उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की बाई आत अशाच आहेत, एका भिंतीकडे तोंड करून, आणि मी इथे दुसऱ्या.  अण्णा चष्मा पुसून पाकीट आणि स्क्रीन यांच्यामध्ये बोट फिरवत बसले होते. त्यांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं, पण टिंबांच्या जोड्या मोजता येत होत्या.

"बाय," ते म्हणाले, "हितं तू तीनदा वर गेलेस. ह्या दुखतंयवरसून."

मी म्हटलं, हो, उरले ना तीन. पानं, दवाखाना, दुखतंय.

"दुखतंयात तर तू उभीच हायस."

मी परत आले.

"माका कोण विचारायचा, अमक्याचा घर किती अंगणा वर," अण्णा सांगायला लागले. "मी सांगायचो, दोन. नवीन पोस्टमन यायचा तो तीन मोजायचा आणि भलत्याच्याच पडवीत पत्र टाकायचा. का? तर उभा हाय ता अंगण पण मोजायचा. उभा आहोत ता अंगण मोजायचा नाय."

मी पानालाच एक पायरी धरलं होतं. प्रत्येक बटण एकेक पायरी जास्त चढत होतं, सहाण ओलांडून. ‘बाई’ या फोल्डरच्याच बाहेर. चारशे बारा बटणं बाईंच्या बाहेर जाऊन बाईंचा आवाज शोधत होती.

एक वजा केला. एवढंच. स्क्रिप्ट चालवली, ‘पाणी’ दाबलं.

"पाणी."

काकांनी पुन्हा बाटली पुढे केली. या वेळी मी हसले नाही. पेनड्राइव्ह काढला, फोन लावला, पेनड्राइव्ह दुसऱ्या बाजूला लावला. बोलल्या. फोन काढला. बोलल्या. सगळं उचलून लॅपटॉपच्या C मध्ये टाकलं. बोलल्या. त्या फोल्डरचं नाव बदलून ‘काहीतरी’ केलं. तरी बोलल्या. चार वाजायला वीस मिनिटं होती.

दारात सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, नको. अण्णा त्यांना काहीतरी सांगायला थांबले आणि मी त्यांच्या बाजूने आत गेले.

बाई भिंतीकडेच होत्या. मी कॉटला वळसा घालून भिंत आणि कॉट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरले, म्हणजे त्यांच्या तोंडासमोर. त्यांनी डोळे मिटले. मला बोलायचं होतं, बाई, आता होईल, एकदाच बघा. ओठ हलले. आवाज आला नाही. त्यांचा नाही म्हणून आणि माझा नाही म्हणून आम्ही दोघी तशाच, हातभर अंतरावर.

मग मी लॅपटॉप गुडघ्यावर ठेवला, टोमण्यांचं पान उघडलं आणि पहिलं बटण दाबलं.

"तोंडात काय धरलंयस?" बाई म्हणाल्या. "मोठ्याने बोल."

बाईंनी डोळे उघडले.

शेजारची मामी उठून बसली. सिस्टर दारातून आत आल्या त्या तिथेच थांबल्या. बाई लॅपटॉपकडे बघत होत्या. मग त्यांनी सलाईनचा हात हलणार नाही अशा बेताने डावा हात पुढे केला. मी माऊस दिला. त्यांनी ‘पाणी’ दाबलं नाही. ‘दुखतंय’ दाबलं नाही. त्या एकेक पान उघडत गेल्या, घर, मग शाळा, शाळेत अगदी खाली, आणि नुसता नंबर असलेल्या बटणावर येऊन थांबल्या. चारशे बारा.

"नववी ब," बाईंचा आवाज म्हणाला. "हजेरी."

मग थोडी शांतता.

"एक. अद्वैत आग्रे." शांतता. एक पोरगा ‘हजर’ म्हणेल एवढी. "दोन. कौमुदी आंबेकर." शांतता. "तीन. साहिल काताळे."

त्यांनी सगळा वर्ग घेतला होता. प्रत्येक नावानंतर बरोबर तेवढी जागा सोडून.  अण्णा पायाशी येऊन उभे राहिले होते. वीस झाले. एकवीस. बावीस. 

"तेवीस. दुर्वा पाष्टे."

"हजर," मी म्हटलं. माझ्या ड्रेसच्या गळ्याला.

आवाज पुढे गेला नाही. चोवीस म्हणाला नाही. माझ्या नावानंतरची जागा संपली आणि बाई, दाराबाहेर मी उभी असताना लायब्ररीत एकट्या बसलेल्या बाई, म्हणाल्या, "ऐकू आलं नाही. पुन्हा. दुर्वा पाष्टे."

"हजर, बाई."

ते वॉर्डात सगळ्यांना ऐकू गेलं. खाली पार्किंगमध्येही गेलं असेल. सिस्टर म्हणाल्या, अगं हळू, पेशंट आहेत.

"चोवीस," बाईंचा आवाज म्हणाला, "सोहम बाईत," आणि पुढे जात राहिला. बाईंनी उशाजवळ सकाळी ढकललेली पाटी ओढून घेतली. पेन्सिल शोधली. त्यावर एकच उभी रेघ मारली, मस्टरवर हजर मुलाच्या नावापुढे मारतात तशी, आणि पाटी माझ्याकडे वळवून धरली.